शंभरपैकी शंभर उडाले, म्हणून प्रायमर भरवशाचा ठरतो का?

दिवाळीत टिकल्यांची डबी हाताळली नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. दहा टिकल्या फटाफट वाजतात, अकरावी नुसतीच 'टक' करते. पोरगं चिडतं, दुसरी टिकली लावतं आणि खेळ पुढे सुरू. डबी पावसाळी हवेत राहून सादळलेली असेल तर फुसक्या टिकल्या जास्तच निघतात.

खऱ्या काडतुसाच्या बुडाशीही अशीच एक टिकली असते. तिला प्रायमर म्हणतात. ठासणीच्या बंदुका पाहिलेले जुने लोक त्याला टोपी किंवा केप म्हणायचे. फरक एवढाच, की इथे 'टक' झालं तर गोष्ट दुसरी टिकली लावण्यावर संपत नाही. स्पर्धेत गुण जातात, शिकारीत सावज जातं, आणि नशीब अगदीच वाईट असेल तर पुढच्या गोळीला नळी फुटून हात-डोळे जातात.

म्हणूनच अमेरिकेत घरच्या घरी काडतुसं भरणाऱ्या लोकांपुढे गेल्या काही वर्षांत एक प्रश्न उभा राहिला: नाव फारसं न ऐकलेल्या कंपनीचा प्रायमर घ्यावा की नाही? तो भरवशाचा आहे हे ओळखायचं कसं? प्रश्न तिकडचा आहे, पण उत्तरातला हिशेब आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही उपयोगी पडेल असा आहे.

आधी प्रायमर म्हणजे काय ते पाहू

काडतुसाचे चार भाग. पितळी पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी गोळी आणि बुडाशी प्रायमर. प्रायमर म्हणजे धातूची एक इवलीशी वाटी. लहान मापाची वाटी ४.४५ मिलिमीटर व्यासाची, मोठ्या मापाची ५.३३ मिलिमीटरची. वाटीत आघाताने पेटणारा मसाला दाबून बसवलेला असतो आणि त्याच्यावर धातूची छोटी ऐरण असते. चाप ओढला की फायरिंग पिन वाटीवर आपटते, वाटी चेपते, मसाला पिन आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडला जातो आणि ज्वाळा पुंगळीतल्या छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी होतं.

गोळी सुटल्यावर पुंगळी वाया जात नाही. तीच साफ करून, मापात आणून, नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी घालून पुन्हा वापरता येते. यालाच रिलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा कायदेशीर आणि जुना छंद आहे. दारू मोजून घालता येते, गोळी तोलता येते, पुंगळी मापता येते. प्रायमरच्या आत मात्र डोकावता येत नाही. चारही भागांत एवढाच एक भाग निव्वळ विश्वासावर घ्यावा लागतो.

अनोळखी नावं आली कुठून?

अमेरिकेत प्रायमर म्हटलं की वर्षानुवर्षं चारच नावं घेतली जायची: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. २०२० मध्ये कोरोनाच्या सुरुवातीलाच बंदुका आणि काडतुसांची खरेदी एकदम वाढली आणि प्रायमर दुकानांतून गायब झाले. हजाराचा जो खोका तीस-पस्तीस डॉलरला मिळायचा, त्याला शंभर डॉलर मोजणारे गिऱ्हाईक उभे राहिले. त्या टंचाईत बोस्नियातल्या गोराज्दे इथला जिनेक्स, इटलीचा फिओची, झेक देशाचा सेलिए अँड बेलो, ब्राझीलचा मॅगटेक असे डबे लोकांच्या हातात जास्त दिसू लागले. रशियाच्या मुरोमचा माल आधी येत होता, पण २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध आणले आणि ती वाट जवळजवळ बंद झाली.

इथे पहिली गल्लत होते. 'मी नाव ऐकलेलं नाही' आणि 'माल कच्चा आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेलिए अँड बेलोची सुरुवात १८२५ मध्ये प्रागमध्ये झाली, तीच मुळी बंदुकीच्या टोप्या बनवण्यापासून. फिओची १८७६ ची. याउलट फेडरल १९२२ ची आणि सीसीआय १९५१ ची. म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला जे नाव 'नवखं' वाटतं, ते त्याच्या आवडत्या नावाच्या पणजोबाच्या वयाचं असू शकतं. आपल्याकडेही तेच आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना वेगळा. पण टेक्सासमधल्या दुकानदाराला खडकी विचारलं तर तो मान हलवेल.

तेव्हा नावाची ओळख हा पुरावा नाही. मग पुरावा कशाला म्हणायचं?

वीस उडाले, पुढे काय?

बहुतेक लोक काय करतात? नवा डबा आणतात, वीस काडतुसं भरतात, मैदानावर जातात. वीसच्या वीस उडाली की 'माल चोख' म्हणून शिक्का मारतात. एखादा जास्त काळजीवाला शंभर उडवून बघतो.

आता हिशेब करू. समजा दोन कंपन्या आहेत. एकीच्या मालात हजारात एक प्रायमर फुसका निघतो, दुसरीच्या मालात शंभरात एक. म्हणजे दुसरी पहिलीपेक्षा दहापट वाईट. दोघींचे वीस-वीस प्रायमर उडवले तर पहिलीचे वीसही उडण्याची शक्यता ९८ टक्के. आणि दुसरीचे? तब्बल ८२ टक्के! दहापट वाईट माल पाचपैकी चार वेळा वीसच्या परीक्षेत पास होतो. शंभर उडवले तरी हा वाईट माल एकही फुसका न निघता पास होण्याची शक्यता ३७ टक्के उरतेच.

संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे, त्याला तीनाचा नियम म्हणतात. जितके उडवले आणि एकही फुकट गेला नाही, त्या संख्येने तीनला भागायचं. जे उत्तर येईल तेवढा दोष मालात अजूनही असू शकतो, हे ९५ टक्के खात्रीने सांगता येतं. १०० उडवले, सगळे चालले: दोष ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. ३०० उडवले: १ टक्क्यापर्यंत. १,००० उडवले: हजारात तीनपर्यंत. हजारात एकापेक्षा कमी दोष आहे असं छातीठोक म्हणायचं तर ३,००० उडवावे लागतात. त्यात एक जरी फुसका निघाला तर हिशेब आणखी ताणतो. ३०० मध्ये एक फुकट गेला, तर खरा दोष दीड टक्क्याच्या थोडा वरपर्यंत असू शकतो.

शेतकरी वाचकांना इथे सोयाबीनची उगवण चाचणी आठवेल. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे लावायचे, सत्तर उगवले तर बियाणं पेरायला चालतं. मग तिथे शंभर दाणे पुरतात आणि इथे का पुरत नाहीत? कारण तिथे आपण सत्तर आणि पन्नास यांतला फरक शोधतो. तो शंभर दाण्यांत दिसतो. प्रायमरमध्ये नव्व्याण्णव आणि नव्व्याण्णव पूर्णांक नऊ यांतला फरक शोधायचा असतो. तो शंभरात दिसत नाही. शिवाय एक दाणा उगवला नाही तर शेजारचा उगवतो, शेत काही मोकळं राहत नाही. ऐन मोक्याला न उडालेल्या काडतुसाला शेजारी नसतो.

फुसका निघाला, पण दोष कुणाचा?

आता उलट बाजू. 'टक' झालं की लगेच प्रायमरला शिव्या देऊ नयेत. भरणाऱ्याचाच हात चुकलेला असतो, असं पुष्कळदा निघतं.

प्रायमर पुंगळीच्या खोबणीत तळापर्यंत बसला नाही तर पिनच्या पहिल्या ठोक्याचा जोर त्याला आत ढकलण्यातच जातो. मसाला चिरडतच नाही. अशा वेळी तेच काडतूस पुन्हा मारलं तर उडतं, कारण पहिल्या ठोक्याने प्रायमर जागेवर बसवलेला असतो. म्हणून अनुभवी लोकांचा नियम असा: दुसऱ्या ठोक्याला उडाला तर आधी स्वतःचं काम तपासा. नीट बसलेला प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा केसभर आत असतो; बोट फिरवलं तरी कळतं. युरोपातले काही प्रायमर अमेरिकी पुंगळ्यांत घट्ट बसतात, जास्त जोर लावावा लागतो आणि तिथेच ते अर्धवट राहतात. मग नाव कंपनीचं खराब होतं.

दुसरा संशयित म्हणजे बंदूक. हलका चाप हवा म्हणून घोड्याची स्प्रिंग नरम केलेली रिव्हॉल्वर मऊ वाटीचा प्रायमर उडवते, पण कडक वाटीचा नाही. तो प्रायमर वाईट नसतो, त्या बंदुकीला मानवत नाही इतकंच. पिनचा खड्डा उथळ असेल तर बंदुकीकडे बघा. खड्डा खोल आहे, दोन ठोके झाले आणि तरी उडाला नाही, तर मग प्रायमरवर बोट ठेवायला जागा आहे. तेल लागलेल्या हाताने प्रायमर हाताळले असतील किंवा डबा दमट गॅरेजमध्ये पडून असेल, तर तेही आधी वगळावं लागतं.

कडकपणाची दुसरीही बाजू आहे. काही अर्धस्वयंचलित रायफलींत पिन मोकळी असते. काडतूस आत जाताना ती आपल्याच वजनाने प्रायमरवर हलकी टेकते. तिथे फार मऊ प्रायमर वापरला तर चाप न ओढताच गोळी सुटू शकते. अशा रायफलीसाठी मुद्दाम कडक वाटीचे प्रायमर बनवतात. थोडक्यात, 'सगळ्यात पटकन उडणारा तो सगळ्यात चांगला' हेही खरं नाही. प्रायमर उडायला हवा तेव्हा उडावा आणि नको तेव्हा अजिबात उडू नये.

कारखान्यात नेमकं हेच तपासतात. पोलादी गोळा वेगवेगळ्या उंचीवरून पिनवर टाकून बघतात: कोणत्या उंचीवर सगळे उडतात आणि कोणत्या उंचीखाली एकही उडत नाही. हजारो न उडवताही मालाची ताकद आणि तिच्यातला चढउतार त्यावरून कळतो. हा प्रयोग घरी करण्यासारखा नाही, पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नुसतं 'उडाला की नाही' एवढं न बघता 'किती काठावर उडाला' हे बघावं.

उडाला, पण कसा उडाला?

प्रायमर उडणं ही पहिली पायरी. तो दर वेळी सारखाच पेटतो का, ही दुसरी. दूरच्या निशाण्यावर नेम धरणारे लोक गोळीचा वेग मोजणारं यंत्र लावतात आणि वेगातला चढउतार काढतात. इथेही तोच थोडक्या नमुन्याचा घोळ आहे. पाच गोळ्या मारून चढउतार १० आला, तर खरा आकडा ६ ते २९ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. दहा गोळ्या मारल्या तर साधारण ७ ते १८. पाच-पाच गोळ्यांवरून दोन कंपन्यांची तुलना करणं म्हणजे एका षटकावरून फलंदाज निवडण्यासारखं आहे.

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच. प्रायमर पेटतो, पण इतका दुबळा की दारू नीट धरत नाही. 'फुस्स' असा दबका आवाज येतो आणि गोळी नळीतच अडकते. हे लक्षात न येता पुढची गोळी मारली तर नळी फाटते. (काडतुसात दारू घालायचीच राहिली, तरी हेच होतं.) आवाज वेगळा वाटला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहायचं. तसंच नुसतं 'टक' झालं तर बंदुकीचं तोंड निशाण्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं. एखादं काडतूस उशिरा उडतं.

गंजाचाही मुद्दा आहे. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मिठासारखा क्षार नळीत राहतो, हवेतली ओल ओढतो आणि नळी गंजते. अमेरिकी सैन्यातली बहुतेक काडतुसं १९५० च्या दशकापर्यंत याच जातीची होती. आज नव्याने बनणारे प्रायमर सहसा गंज न आणणारे असतात, पण जुन्या लष्करी साठ्यातला माल स्वस्तात मिळाला तर ही शंका घ्यायलाच हवी. कोकणात किंवा गोव्यात लोखंडाचं काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला जास्त सांगायला नको.

कोल्हापूरचा धडा: लॉट बघा

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पॉइंट टू-टू काडतूस वापरतात. त्याला वेगळा प्रायमर नसतो. मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा भरताही येत नाही. पण त्या जगात एक रीत पक्की आहे. ब्रिटनची इली आणि लापुआ यांसारख्या कंपन्यांनी चाचणीची केंद्रं उभारली आहेत. नेमबाज आपली रायफल तिथे नेतात, ती शिकंजात बसवतात आणि एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, पण वेगवेगळ्या लॉटचे डबे मारून बघतात. जो लॉट आपल्या नळीला मानवतो त्याचाच साठा घेतात.

म्हणजे उत्तम कंपनीतही लॉट-लॉटमध्ये फरक असतो. मग 'अमुक कंपनीचे प्रायमर चांगले' हे वाक्यच अपुरं ठरतं. कोणता लॉट, कोणत्या बंदुकीत, किती मारले, हे तीन आकडे सोबत असले तरच त्या वाक्याला किंमत. दुसऱ्याचे अनुभव ऐकतानाही हीच चाळणी लावावी. ज्याचे दोन फुसके निघाले तो गावभर सांगतो. ज्याचे पाच हजार बिनबोभाट उडाले तो गप्प असतो.

मग करायचं काय?

तीन हजार प्रायमर नुसते चाचणीसाठी कोण उडवणार? त्यावर तोडगा साधा आहे. चाचणी वेगळी करायचीच नाही, सरावालाच चाचणी बनवायचं.

एक वही ठेवायची. तारीख, लॉट, बंदूक, किती मारले, पहिल्या ठोक्याला किती उडाले, दुसऱ्याला किती, मुळीच न उडालेले किती. एका वर्षात हजारावर आकडा सहज जातो आणि खर्च एका पैशाचा वाढत नाही. सोबत ओळखीच्या कंपनीचेही तितकेच प्रायमर त्याच बंदुकीत मारावेत, म्हणजे बंदुकीचा दोष वेगळा काढता येतो. नमुना एकाच तबकातून न घेता खोक्यातल्या वेगवेगळ्या तबकांतून घ्यावा.

वापरण्याआधी नजरेखालून घालावेत: ऐरण जागेवर आहे का, वाटीला चीर आहे का. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवावेत. बरणीत एकत्र ओतलेले किंवा सुटे बांधून विकायला आलेले प्रायमर फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. लॉट कळत नाही हे एक, आणि एक पेटला तर सगळे एकदम उडतात हे दुसरं. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि प्रायमरची कंपनी बदलली की दारूचं जुनं माप तसंच ठेवायचं नाही. पुस्तकातल्या सुरुवातीच्या कमी मापापासून पुन्हा चढत जायचं, कारण प्रायमर बदलला की दाबही बदलतो.

शेवटी वापर बघून भरवसा ठरवायचा. ३०० उडून एकही फुकट गेला नाही तर तो माल सरावाला बिनधास्त वापरावा. स्पर्धेला मात्र हजाराचा आकडा वहीत दिसेपर्यंत थांबावं. शंभरात एक दोष असलेल्या मालाने ६० गोळ्यांची स्पर्धा खेळलात, तर त्यात एक तरी फुसका निघण्याची शक्यता ४५ टक्के असते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळं अमेरिकेतल्या कायद्याच्या चौकटीतलं आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसांचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही दारूगोळ्यातच मोडतात. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, मग तुम्ही बेळगावात असा, बडोद्यात असा की इंदुरात. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकाने हौसेने चार प्रायमर बॅगेत टाकून आणण्याचा विचारही करू नये.

बाकी हिशेबाला सीमा नाही. बियाणं असो, औषध असो की प्रायमर, कुणी 'मी शंभर वापरले, एकही वाया गेला नाही' म्हणालं की मान डोलवण्याआधी तीनला शंभरने भागून बघा. तीन टक्के. तेवढा धोका तुमच्या कामात चालणार आहे का, हे मग तुम्हीच ठरवा.